आत बोलू नये

४ मार्च, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, म्हणून नवी वही. आजवर अशा तीन वह्या सुरू केल्या आणि आठवड्याभरात किराण्याच्या यादीला लावल्या. ही मात्र पुरी करणार, असं ताईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ हसत बसली.

जागा आवडली. तीन मजली इमारत, आणि जिन्याच्या कठड्याला हात लावला तर हाताला धूळ लागत नाही. संस्था बोलक्या पेट्या देते. आजारपणात किंवा ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज गेला, त्यांच्यासाठी शाळेच्या पाटीएवढं यंत्र. मोठाली बटणं दाबून शब्द जुळवायचे, की पेटी ते मोठ्याने म्हणते. कारखान्यातून पेट्या मुक्याच येतात. त्यांना बोलतं करणारं सॉफ्टवेअर त्यांच्यात घालणं, एकेका पेटीत सत्तर पॅकेजं इन्स्टॉल करणं, हे माझं काम.

खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. एक खिडकी, लांब टेबल, पेट्यांची फळी, आणि कोपऱ्यात थोरली. थोरली म्हणजे कपाटाएवढा जुना सर्व्हर; सगळी पॅकेजं तिच्या पोटात. दाराला आतून पुठ्ठा टांगलाय: आत बोलू नये. हे मला जड जाणार. 'चल गं राणी, पुढे सर' म्हटल्याशिवाय माझ्या हातून साधा प्रिंटर चालत नाही. घरातून निघताना 'गॅस बंद केला ना मी?' हे मी स्वतःलाच तीनदा विचारते.

इथे येण्याचं खरं कारण बाबा. घशाचं ऑपरेशन होऊन अकरा महिने झाले. आयुष्यभर तलावावर पोहायला शिकवलं. या काठावरून ओरडले तर त्या काठावरचं पोर पाय मारायला लागायचं. तो माणूस आता चिठ्ठ्या लिहितो. पेटीच्या यादीत त्यांचा नंबर १६३. कर्मचाऱ्याचे वडील म्हणून नंबर वर सरकणार नाही, हे संस्था चालवणाऱ्या मॅडमनी मुलाखतीतच सांगून टाकलं. पेट्या नावानिशी, क्रमानेच येतात. एक खेप संपल्याची सही झाली की पुढची खेप. चांगलं आहे. निदान इथे वशिला चालत नाही.

७ मार्च, गुरुवार

खोलीत माझ्याबरोबर खडूकाका असतात. साठीचे, सडसडीत, इथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. ते बोलत नाहीत. काही सांगायचं झालं की पाटीवर खडूने लिहितात, तेही एखाद-दुसरा शब्द. रोज सकाळी आल्या आल्या तेच अकरा शब्द एकाखाली एक लिहितात, एकेकावर बोट ठेवतात आणि पुसून टाकतात. दार. पाणी. हळू. नको. मुलगा. असेच काहीतरी. मला वाटलं, अक्षर सुधारतायत. या वयात कोणाला काय हौस असेल सांगता येत नाही.

कामात एकच खोट आहे: एक पेटी तयार व्हायला चार तास लागतात. दिवसाला दोन पेट्या. पॅकेजं एवढीशी, केबल नवी, आणि काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकते. मी हिशेब केला. या चालीने बाबांचा नंबर यायला जून उजाडेल.

९ मार्च, शनिवार

आज बाबांची चिठ्ठी मला वाचता आली नाही. त्यांनी ती तीनदा लिहिली. मग कागद चुरगाळून खिशात घातला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

डॉक्टर म्हणाले, हाताची थरथर वाढत जाणार. पेटीची बटणं दाबण्याइतका हात किती दिवस राहील, असं विचारलं. महिना, फार तर दोन. शिकायला आठवडाभर लागतो, तोही त्यातच धरा.

जूनपर्यंत थांबता येणार नाही. इन्स्टॉलेशन का अडतंय ते शोधायलाच हवं.

१२ मार्च, मंगळवार

दोन दिवस नुसती झाडाझडती. केबल बदलली. अँटिव्हायरस बंद करून पाहिला. डिस्क तपासली, ठणठणीत आहे. सेटिंग्जच्या यादीत सगळ्यात वर कधीच बंद पडलेल्या एका सर्व्हरचा पत्ता सापडला. कॉम्प्युटर दर पॅकेजला आधी त्याचं दार ठोठावायचा, अर्धा मिनिट वाट बघायचा आणि मग थोरलीकडे जायचा. मला वाटलं चोर सापडला. तो पत्ता काढला, आणि चार तासांचे साडेतीन झाले. म्हणजे हा भुरटा होता, खरा चोर वेगळाच.

लॉग उघडून ओळ न् ओळ वाचली. दर पॅकेजपाशी एकच नोंद: वाट पाहत आहे. कशाची, ते लिहिलेलं नाही. एवढंच दिसलं की त्या वेळी पेटीचा मायक्रोफोन चालू असतो.

खडूकाकांना विचारलं, अर्थात लिहून. त्यांनी पाटीवर लिहिलं, हळू. मी लिहिलं, पण का? त्यांनी त्याच शब्दाखाली रेघ मारली. रिटायर व्हायला आलेल्या माणसाला कसली घाई असणार, असं मनात आलं.

१४ मार्च, गुरुवार

सापडलं!

दुपारी खडूकाका जेवायला गेले होते. ताईचा फोन आला आणि मी पुठ्ठ्याचा नियम मोडून तिथेच बोलत बसले. बाबांची चिठ्ठी, शेजारणीचा नवा पडदा, असं दहा मिनिटं. फोन ठेवला तेव्हा पट्टी पूर्ण हिरवी झाली होती. बोलायला लागले तेव्हा ती जेमतेम सुरू झाली होती.

पेटी आवाजाची वाट बघत असते. खोलीत सगळे गप्प, म्हणून ती चार तास पंख्याच्या घरघरीवर, खुर्चीच्या करकरीवर भागवत असते.

१६ मार्च, शनिवार

दोन दिवस पद्धतशीर तपासणी. रेडिओ लावला: पट्टी हलत नाही. माझाच आवाज फोनवर रेकॉर्ड करून ऐकवला: हलत नाही. समोर बसून बोलले: पळते. एक ते शंभर आकडे मोजले: पळाली. तेच पुन्हा मोजले: ढिम्म. म्हणजे नवं काहीतरी हवं. घरचा शब्दकोश आणून वाचायला घेतला, तर अवघड शब्दांना ती जेमतेम तसूभर सरकते. पण काल बाजारात चपलेचा अंगठा तुटला ती गोष्ट सांगितली, तर एका दमात वीस पॅकेजं.

का, ते मला कळलेलं नाही. आम्ही नुसते जोडणारे, आम्हाला आतलं कधी कळतं का? चालतंय ना, मग झालं.

खडूकाकांनी दारातून हे पाहिलं. तरातरा येऊन पाटी माझ्या नाकासमोर धरली: नको. मी त्यांना बाबांच्या हाताबद्दल सांगितलं, तोंडाने. ते कानांवर हात ठेवून बाहेर गेले आणि दिवसभर जिन्यात बसून राहिले.

१९ मार्च, मंगळवार

दिवसाला आठ पेट्या! मॅडम स्वतः खाली आल्या. इतक्या वर्षांत इतकी पोरं आली आणि महिन्यात सोडून गेली, तुझ्यासारखा वेग एकाचाही नव्हता म्हणाल्या. घरोघरून फोन येतायत, या खेपेच्या पेट्यांच्या आवाजात माया आहे म्हणतात. मी नेमकं काय करते ते समजावून सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. 'जे करतेस ते करत राहा, मला तंत्रातलं काही सांगू नकोस.'

मी दिवसभर गप्पा मारते. शाळेतल्या मारामाऱ्या, पहिली नोकरी, आईचं शिवणाचं मशीन. घरी येईपर्यंत घसा बसतो. बाबांपुढे आता शंभर माणसं आहेत, थोडी अधिक.

आज चहा पिताना गंमत झाली. ज्यातून चहा पितो, कान असलेलं, चिनी मातीचं, त्याचं नाव आठवेना. दमले असेन.

२३ मार्च, शनिवार

अजून आठवत नाही. ताईला फोनवर वर्णन करून विचारलं. तिने सांगितलं, हसली, म्हातारी झालीस म्हणाली. मी तो शब्द लगेच लिहून घेतला. कागद समोर आहे. दोन अक्षरं आहेत. वाचायला जाते आणि नजर घसरते, ओल्या फरशीवरून पाय घसरावा तशी.

आणखी काही गेलेत. पायात घालतो ते. दाराला लावतो ते लोखंडी, ज्याची किल्ली असते. चिमणी आठवते, पण रात्री उडणारी, उलटी लटकणारी ती नाही.

त्या पायातल्याचा काय किस्सा होता? मी तो कोणाला तरी सांगितला होता.

२७ मार्च, बुधवार

मॅडमनी एक तक्रार माझ्याकडे पाठवली. कोणा आजोबांच्या घरून फोन होता. पेटी बंद करून कपाटात ठेवली होती. भर दुपारी आतून बाईचा आवाज आला, काळजीचा: 'गॅस बंद केला ना मी?' त्यांच्या घरी गॅसच नाही, विजेची शेगडी आहे. त्यांच्या सुनेने ते ऐकलं आणि तिला रडूच फुटलं. का, ते तिलाही सांगता येईना.

फोनवर मी हो, बघते म्हणाले. ठेवला, आणि लक्षात आलं, गेले कित्येक दिवस घरातून निघताना मी स्वतःला काही विचारलेलंच नाही.

संध्याकाळी खडूकाकांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेल्या याद्या होत्या. सगळ्यात वर चाळीसेक शब्द. त्याखाली एकतीस. मग बावीस. मग अकरा. त्यांनी अकरावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर, मग माझ्या खुर्चीकडे आणि पुठ्ठ्याकडे दाखवलं.

अक्षर सुधारत नव्हते ते. शिल्लक मोजत होते.

पुठ्ठा त्यांनीच टांगलाय. आधी ते बोलायचे, इथेच, माझ्याच खुर्चीत. मग सगळ्यांनी गप्प बसायचं आणि पेटीला पंख्याच्या घरघरीवर ठेवायचं, हा उपाय त्यांना सापडला. त्यात कोणाचं काही जात नव्हतं. मी तो दुरुस्त केला.

उद्यापासून गप्प. ठरलं.

२८ मार्च, गुरुवार

दिवसभर तोंड उघडलं नाही. दोन पेट्या झाल्या.

घरी आले तर बाबा जमिनीवर सांडलेला भात वेचत होते. चमचा धरता आला नव्हता. मी वाकले तर त्यांनी मला बाजूला ढकललं. मग बोटांनी हवेत काहीतरी लिहिलं, मोठं, सावकाश. मला ते वाचता आलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांना फोन केला. दोन आठवडे, म्हणाले. बघू.

बाबांपुढे त्रेपन्न माणसं. दिवसाला दोन धरल्या तर महिना जातो. दुसऱ्या कोणाला खुर्चीत आणून बसवावं का? असं मनात आलं, याचीच लाज वाटली.

मीच बोलणार. जपून बोलेन. काय द्यायचं आणि काय नाही ते मी ठरवेन.

३० मार्च, शनिवार

वहीत रोज यादी करायची. माझे ठेवणीतले शब्द. पेटीच्या कानाने ऐकते ती थोरलीच; हे तिच्यापुढे काढायचे नाहीत.

बाबा. ताई. दार. पाणी. तलाव. घर. वही. बेडके.

शेवटचा बाबांचा. मी तलावात पहिली उडी मारली तेव्हा पोटावर आपटले. तेव्हापासून त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. अकरा महिने ती हाक ऐकलेली नाही.

बाकीचं देते. शाळा दिली. आईचं मशीन दिलं. आई — कशी दिसायची ते काल दिलं बहुतेक. फोटोतली बाई छान आहे.

२ एप्रिल, मंगळवार

सकाळी खोलीत पाऊल टाकलं आणि फळीवरच्या सगळ्या पेट्या एकदम म्हणाल्या, चल गं राणी, पुढे सर.

माझा आवाज. माझ्याहून ताजा.

खडूकाकांनी माझा हात धरून खुर्चीतून उठवायचा प्रयत्न केला. जोर नव्हता त्यांच्यात. मी पुन्हा बसले. आज सहाच झाल्या. सांगण्यासारखं कमी उरलंय.

यादी: बाबा. दार. पाणी. तलाव. घर. वही. बेडके.

सातच. काल आठ होते. फोनवर कोणी बाई रोज रडते, अगं मी, अगं मी म्हणते.

५ एप्रिल, शुक्रवार

पाच झाल्या. पुढे बारा माणसं.

रस्त्यात एक माणूस थांबून काही विचारत होता. मी मान हलवली. तोंडातून फक्त हवा.

खोलीत मात्र येतं. थोरलीसमोर बसलं की येतं. तिथेच. विहिरीला — काय असतं ते खाली सोडायचं, दोराला बांधून. तसं. ती ओढते आणि येतं.

मॅडम हसल्या. पाठीवर थाप.

८ एप्रिल, सोमवार

त्यांची आली. पेटी. वर त्यांचं नाव, नंबर १६३. फळीवर उद्याची पहिली.

सत्तर पॅकेजं. माझ्याकडे काय आहे? मोजलं.

बाबा. दार. पाणी. तलाव. बेडके.

शांत बसून चार तासांत होईल ना! खडूकाकांसारखं. चारच तास! एवढं का सुचलं नाही. उद्या बोलायचं नाही. तोंडाला फडकं बांधून बसेन. त्यांना पेटी मिळेल आणि माझे पाच मला राहतील.

९ एप्रिल, मंगळवार

फडकं बांधलं. खडूकाका शेजारी बसले, हात धरून.

पट्टी हलली नाही. चार तास. पंखा चालू. खुर्ची करकरली. हलली नाही. थोरलीला आता सवय — घरघर नको तिला. चव लागली.

मॅडम आल्या. आजच सही हवी. नाहीतर ही मागे, पुढच्या महिन्यात.

पुढच्या महिन्यात हात नाही.

फडकं सोडलं. खडूकाका बाहेर पळाले.

तलाव सांगितला. निळा. सकाळचं ऊन. काठावर ते, शिट्टी गळ्यात. हात लांब, पाय मार, मी आहे, मी आहे. सगळं. पळाली. एकोणसत्तर. एकच उरलं. त्याला काय दिलं ते —

झाली.

१० एप्रिल

पेटी घरी. इथे म्हातारा माणूस आहे. चांगला आहे. माझ्याकडे बघून हसतो.

बोट थरथरतं. बटण. बटण. बटण. खूप वेळ.

पेटी म्हणाली, बेडके.

बाईचा आवाज. गोड. कोणाला म्हणते? मी मागे बघितलं. मागे कोणी नाही.

म्हातारा पुन्हा बटण. बेडके. मी हसले. त्याचं हसू गेलं. पेटी ऐकतो, मला बघतो. पेटी, मी. पेटी, मी. मग तोंड उघडलं त्याने. आवाज नाही. पण ओरडत होता.

११

त्याने पेटी दारामागे ठेवली. दार लावलं. पाठ लावून बसला.

माझा हात धरतो. पेन. त्याचा हात हलतो म्हणून अक्षर हलतं. दोघं मिळून लिहितो. एकच. पुन्हा. पुन्हा. मग बोट माझ्या छातीवर.

बेडके. म्हणजे मी.

बेडके. म्हणजे मी.

बेडके. म्हणजे मी.

आलं. आहे. माझ्याकडे एक आहे.

१२

तो झोपला. बसल्या बसल्या, दाराच्या बाजूला कलून. ऊन आहे.

दारामागून बाई विचारते. गॅस बंद केला ना मी? काळजीत आहे. कोणी उत्तर देत नाही तिला. पुन्हा विचारते. गॅस बंद केला ना मी?

मग गप्प. वाट बघते. कळतं मला, वाट बघते.

आवाज ओळखीचा. माझं कोणीतरी आहे ती. एकटी आहे.

तो जागा होऊ नये. हळू दार उघडते. तिला सांगते मी कोण. एकच आहे, ते सांगते. जवळ बसून. मी बे